झाकून ठेवलेलं शहर

मी भांडखोर आहे. कुणी विचारायच्या आधी मीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जातं. कोल्हापुरात शाळेत भूगोल शिकवायचे, तेव्हा माझ्या तासाला मुली कंपासपेटीसुद्धा हळू उघडायच्या. घरी आमचे हे म्हणजे अगदीच शांत माणूस. अंघोळ झाली की ओला टॉवेल पलंगावर टाकायची यांना सवय. तो दिसला की मी सुरू व्हायचे आणि हे पेपर उघडून त्याच्याआड बसायचे. टॉवेलवरून विषय यांच्या आतेबहिणीच्या लग्नात झालेल्या मानापमानापर्यंत जायचा. लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि सगळं छान चाललं होतं.

मग यांची बदली चेन्नईला झाली. कारखाना गुम्मिडिपूंडीला, शहराच्या पार उत्तरेला. सकाळी साडेसहाला कंपनीची बस यायची आणि हे संध्याकाळी सातला आंबलेल्या चेहऱ्याने परत यायचे. मी नोकरी सोडायला तयार नव्हते. शाळेतून पहिल्या सत्रापुरती रजा घेतली आणि आम्ही दोघांनी आपापसात एक करार केला. मी आणि मुलगी दसऱ्यापर्यंत चेन्नईला राहून बघायचं. नाही जमलं तर आम्ही दोघी कोल्हापूरला परत जाणार, आणि हे चेन्नईतच तिरुवल्लिकेणी भागातल्या एखाद्या मॅन्शनमध्ये राहणार. मॅन्शन नाव ऐकून फसू नका. जुन्या गल्लीतली तीन मजली इमारत, खोलीत तीन खाटा, तीन खाटांवर तीन एकटे नोकरदार, आणि दोरीवर सगळ्यांच्या बनियनी. यांच्या कारखान्यातले दोघे तिथे राहत होते. वर्षातून दोनदा घरी जायचे आणि मुलं आपल्याला ओळखत नाहीत म्हणून हसत सांगायचे. तसं आमचं व्हावं असं मला वाटत नव्हतं. पण हेका तर माझाच होता.

एक लोखंडी ट्रंक मी येताना आणली होती, ती उघडलीच नाही. दोरीसकट पलंगाखाली सरकवून दिली. परत जायचंच असेल तर कशाला उगाच उपसाउपस करा.

ते पाऊस न झालेलं वर्ष होतं. नळाला पाणी नव्हतं. पाण्याची लॉरी यायची आणि बायका रंगीत प्लास्टिकच्या घागरी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. त्या घागरींना तिकडे कुडम म्हणतात. मुलगी सात वर्षांची. तिने पंधरा दिवसांत कामापुरतं तमिळ उचललं. मी मात्र भाजीवाल्याशी हिंदीत भांडायचे, तो तमिळमध्ये उत्तर द्यायचा आणि वर दोन मिरच्या जास्तीच्या टाकून हसायचा. भांडणाची सगळी मजा समोरच्याला ते कळण्यात असते. तीच गेली. महिनाभरात मी भाजी मुलीकडून आणवायला लागले आणि स्वतः जिना उतरणं बंद केलं.

घरात धाकट्या दिरांचा जुना काँप्युटर होता. गोधडीत गुंडाळून आम्ही तो रेल्वेने आणला होता, मुलीला उपयोगी पडेल म्हणून. दिरांनी सोबत दोन-चार सीडी दिल्या होत्या. एका दुपारी त्यातली एक मी सहज घातली. शहर वसवायचा खेळ होता. कोरी हिरवी जमीन मिळते. तिच्यावर रस्ते आखायचे, घरांना जागा द्यायची, वीज न्यायची, पाण्याचे नळ टाकायचे. सगळं नीट केलं की माणसं राहायला येतात. चुकलं की तक्रारी येतात आणि घरं ओस पडतात.

आता भूगोलाच्या बाईला याहून काय पाहिजे? मी बसले. पहिल्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांना वस्ती केली. दुसऱ्या दिवशी कारखाने वाऱ्याच्या दिशेपासून लांब हलवले. मी वर्गात वर्षानुवर्षं जे घोकून घेतलं होतं ते सगळं इथे लागू पडत होतं. शहराला मी एक नावही दिलं होतं. ते सांगणार नाही, हसाल.

आणि खोटं कशाला बोलू, पहिला दीड महिना त्या खेळाने मला तारलं. मुलगी शाळेत गेली की तासभर खेळायचे आणि उठून गुणगुणत भाकऱ्या थापायचे. एवढ्या मोठ्या परक्या गावात कुठेतरी माझं ऐकलं जातं, असं वाटायचं. मुलगी शाळेतून आली की मांडीवर बसून विचारायची, आज काय बांधलं? आम्ही दोघींनी मिळून एक बाग केली होती आणि तिच्या हट्टाखातर बागेशेजारी आणखी एक बाग. त्या दिवसांबद्दल माझी काही तक्रार नाही.

पुढे तासाचे दोन झाले, दोनाचे चार. कसे झाले ते कळलं नाही म्हणायची पद्धत आहे, पण मला कळत होतं. मुलीला मांडीवर घेणं बंद झालं, कारण ती मध्ये बोलायची. कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरायचे. मान आखडायची, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं आणि उठले की सगळ्या जगाचा राग यायचा. राग आला तरी भांडायचं त्राण नसायचं. ओला टॉवेल पलंगावर पडलेला दिसायचा, आणि मी तो उचलून दोरीवर टाकायचे. एक शब्द नाही. हे विचारायचे, दिवस कसा गेला? मी म्हणायचे, छान. दुपारी काय केलं? झोपले होते थोडी. अशी साधी साधी खोटी उत्तरं मी रोज द्यायला लागले. यांना वाटत असेल, बायको रुळली. मलाही तसंच वाटत होतं. भांडत नाही, रडत नाही, कोल्हापूरचं नाव काढत नाही, मग आणखी रुळणं ते काय असतं?

खालच्या मजल्यावर अक्का राहायच्या. साठीला टेकलेल्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या. मुलगा शहराच्या दक्षिणेला पेरुंगुडीच्या एका काँप्युटर कंपनीत होता आणि कामावर जायला सोपं म्हणून तिकडेच राहायचा. अक्का मूळच्या तंजावरच्या, घरी मराठी बोलणाऱ्या. त्यांची मराठी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा चाटच पडले. जुन्या बखरीत असावी तशी भाषा, मध्ये मध्ये तमिळ शब्द, आणि वर तमिळचा हेल. त्यांना माझी मराठी फार घाईची वाटायची. सगळ्या इमारतीत मला जिच्याशी बोलता येईल अशी ही एकच बाई, आणि मी तिच्याकडेही जाईनाशी झाले होते.

एकदा मी शहराला नवी जलवाहिनी टाकत बसले होते. पडद्यावर माझ्या नागरिकांना चोवीस तास पाणी मिळायला लागलं, आणि खाली लॉरी येऊन, तासभर थांबून निघून गेली. हॉर्न मला ऐकू आला होता. आत्ता उठते म्हटलं होतं. दार वाजलं तेव्हा बाहेर दोन भरलेल्या कुडम होत्या आणि अक्का भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांचे गुडघे इतके धरलेले की त्यांना खाली मांडी घालून बसता येत नव्हतं. आणि ही बाई माझ्यासाठी दोनदा जिना चढली होती. मी ओशाळून म्हटलं, डोकं दुखत होतं. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत चालू असलेल्या पडद्याकडे पाहिलं आणि विश्रांती घे म्हणाल्या.

नवरात्राच्या आठ दिवस आधी त्यांनीच मला खाली बोलावलं. तिकडे नवरात्रात घरोघरी कोलू मांडतात. लाकडी पायऱ्या रचायच्या, त्यावर पांढरं कापड घालून देवांच्या आणि माणसांच्या बाहुल्या ओळीने बसवायच्या, आणि नऊ दिवस शेजारपाजारच्या बायकांना बघायला बोलवायचं. पायऱ्यांच्या पायथ्याशी जमिनीवर वाळू पसरून त्यात एक छोटं गाव करतात. आरशाचं तळं, खेळण्यातली घरं आणि दाट उगवलेल्या मोहरी-नाचणीची शेतं. अक्का लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी ते गाव करायच्या. पायऱ्या मुलगा येऊन लावून देणार होता. गाव मात्र जमिनीवर बसल्याशिवाय होत नाही, आणि त्यांना बसता येत नव्हतं. त्यांनी मला मातीने भरलेल्या दोन परड्या आणि वाटीभर दाणे दिले. एवढं पेरून वाढवून दे आणि पहिल्या दिवशी येऊन गाव मांडून दे, असं म्हणाल्या. मी होकार दिला. मनापासून दिला.

परड्या मी काँप्युटरच्या शेजारी खिडकीत ठेवल्या, म्हणजे विसरणार नाही. पहिल्या दिवशी दाणे पेरून पाणी शिंपडलं. तिसऱ्या दिवशी पांढुरके कोंब आले. त्याच सुमाराला माझ्या शहराने लाखाचा टप्पा ओलांडला आणि मला तिथे मोठं उद्यान करायची परवानगी मिळाली. हाताच्या अंतरावर परड्या होत्या. आठव्या दिवशी मुलगी म्हणाली, आई, हे गवत मेलं. तिने हात लावला तर बोट आत गेलंच नाही, इतकी माती कडक झाली होती.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी मी खाली गेलेच नाही. मुलीबरोबर निरोप पाठवला, आईला ताप आहे. मुलगी परत येऊन सांगू लागली की पायऱ्या सुंदर दिसतायत, पण खाली नुसती वाळू आहे. अक्का काय म्हणाल्या असं विचारलं. तापाला मिरी घातलेलं रसम पाठवते म्हणाल्या. ते रसम आलं, आणि मी ते खेळता खेळता प्यायले. आजही हे लिहिताना मला माझी लाज वाटते.

असे आठ दिवस गेले. अष्टमीला हे कारखान्यातून चुरमुरे, गूळ आणि केळ्यांची पिशवी घेऊन आले. खंडेनवमीची पूजा तिकडे आयुधपूजा म्हणून केवढी जोरात करतात ते तेव्हा कळलं. बसला झेंडूच्या माळा, यंत्रांना गंध, अगदी हातोडीलासुद्धा. आपल्याकडेही हत्यारं पुजतात, पण तिकडे एक नियम फार कडक. पूजेत ठेवलेल्या वस्तूला दसऱ्याची सकाळ होईपर्यंत हात लावायचा नाही. पुस्तक पूजेत गेलं की वाचायचं नाही, शिवणयंत्र गेलं की शिवायचं नाही. मुलीच्या शाळेत बाईंनी हे सांगितलं होतं आणि अभ्यास न करण्याला देवाची परवानगी मिळाली म्हणून ती हरखून गेली होती.

नवमीला सकाळी तिने दप्तर पाटावर ठेवलं. यांची पक्कड ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, आई, तुझं आयुध? मी म्हटलं, लाटणं ठेव. ती म्हणाली, लाटणं रोज थोडंच लागतं तुला, आता आपण पावच खातो. आणि तिने हळदीकुंकवाची कोयरी उचलली, पडद्याला बोट लावलं, की-बोर्डला लावलं, माऊसवर तर चांगलं ठसठशीत लावलं, आणि वरून माझा जरीचा खण झाकून दोन झेंडूची फुलं ठेवली. यांच्या कारखान्याची भट्टी सणालाही विझवता येत नाही, म्हणून हे कामावर जायला निघाले होते. बुटाची नाडी बांधता बांधता त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बरं झालं, एक दिवस सुटका. आणि हसले.

नऊ वाजता मी त्या खोलीत गेले. सहजच. खणाचं एक टोक तिरकं होतं, ते सरळ केलं. बाहेर येऊन वाटाणे निवडले. परत गेले, फूल सरकलं होतं ते नीट ठेवलं. मुलगी गोष्ट सांग म्हणून मागे लागली तर तिच्यावर खेकसले. ती हिरमुसून खाली निघून गेली. मी पुन्हा आत गेले. मनात एकच चाललं होतं, माझ्या शहरात आज कोण बघतंय, पुलाचं काम अर्धं राहिलंय. भानावर आले तेव्हा मी खुर्चीत बसले होते, आणि उजवा हात खणाखाली माऊसवर होता. बोटं कुंकवाने लाल झाली होती.

मला रडू फुटलं. देवाची भीती वाटली असं मुळीच नाही, देव एवढ्या तेवढ्यावर रुसत नाही. मला माझीच भीती वाटली. चाळीस मुलींना एका नजरेत गप्प बसवणारी मी, आणि मला एक सकाळ स्वतःला बसवून ठेवता येईना. हा खेळ काढून घेतला तर या गावात माझं काय उरतं, असा विचार केला. नवरा होता, त्याला मी रोज खोटं सांगत होते. मुलगी होती, तिला आत्ताच खेकसून घालवलं होतं. आणि खाली एक बाई होती, तिच्या दारातली वाळू माझ्यामुळे नऊ दिवस रिकामी पडली होती. तसाच लाल हात घेऊन मी जिना उतरले.

अक्का खुर्चीत बसून सुंडल म्हणजे नैवेद्याची कोरडी उसळ करायला नारळ खवत होत्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ताप नव्हता, डोकं दुखत नव्हतं, परड्या मी मारल्या, लॉरीचा हॉर्न मला ऐकू आला होता. अक्कांनी नारळ बाजूला ठेवला. त्यांचे यजमान गेले तेव्हा पुरतं एक वर्ष त्यांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत टीव्हीवरच्या मालिका पाहिल्या होत्या, आणि आता विचारशील तर त्यातली एकही गोष्ट आठवत नाही, असं त्यांनी मला अगदी सहज सांगितलं. मग माझ्या बोटांकडे पाहत म्हणाल्या,

"त्या पेटीचा दोष नाही, पोरी. बसताना सगळ्यांसच बरें वाटतें. उठताना मन कसें असतें, तेवढें पाहत जा."

मी विचारलं, वाळू आता काढून टाकू का?

"नऊ दिवस तशीच ठेविली आहे," अक्का म्हणाल्या. "म्हटलें, तूं येशील."

मग मी पदर खोचला. दुपारचे बारा वाजायचे होते आणि संध्याकाळी बायका येणार होत्या. नदीकाठचं टुमदार गाव करायचं मी ठरवलं, पण वाळूत पहिली रेघ ओढली आणि हात थांबला. पडद्यावर तीन-चार महिने गावंच केली होती, आता पुन्हा कुठलंतरी खोटं गाव करायला मन घेईना. म्हटलं, आपलीच गल्ली करू. आणि लक्षात आलं की आपली गल्ली मला माहीतच नाही. भूगोलाची बाई, आणि जिन्याच्या पायथ्याशी डावीकडे काय आहे ते सांगता येईना.

मुलीला बाहेरून बोलावून घेतलं, सकाळच्याबद्दल तिची माफी मागितली आणि म्हटलं, मला गल्ली दाखव. तिने माझं बोट धरलं. वही पूजेत होती म्हणून मी सगळं नुसतं बघून डोक्यात भरत गेले. कडुनिंबाखाली इस्त्रीवाल्याची गाडी. तिच्यापुढे फुलं न मोजता हाताच्या लांबीने गजरा मापणारी फुलवाली. पिठाची गिरणी, पिवळ्या रंगाचं विनायकाचं देऊळ, ट्रान्सफॉर्मर, त्याच्या सावलीत झोपणारी तीन पायांची कुत्री. मुलगी प्रत्येकाला नावानिशी ओळखत होती आणि मी कोण ते त्यांना सांगत होती. भाजीवाला तर मला बघून गाडीवरून उठूनच उभा राहिला. एवढे दिवस बाई गेली कुठे, असं त्याने मुलीला विचारलं म्हणे.

घरं आगपेट्यांची केली. हिरवं काही उगवलं नव्हतं, म्हणून कोथिंबिरीची जुडी मोडून काड्या वाळूत रोवल्या. कढीलिंबाचा डहाळा झाला कडुनिंब. पण गल्लीत माणसं कुठून आणायची? अक्कांच्या बाहुल्या वीतभर उंच, त्या आगपेट्यांशेजारी राक्षसिणी दिसायला लागल्या. तेव्हा मला ट्रंक आठवली.

वर जाऊन मी पलंगाखालून ती ओढली. दोरी सोडवेना, सुरीने कापली. माझे नकाशे, शाळेची पुस्तकं, मुलीचे लोकरी कपडे, आणि सगळ्यात खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले किल्ल्यावरचे मावळे. आम्ही दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायचो, त्यावर मांडायचे हे मातीचे मावळे. काहींचे भाले मोडलेले, एकाचं नाक गेलेलं. मी त्यांना परातीत घालून खाली नेलं. अक्कांनी एकेकाला हातात घेऊन न्याहाळलं आणि हे आमच्याकडचेच दिसतात म्हणाल्या.

गल्लीच्या मध्यावर मी पाण्याची लॉरी केली, काड्यापेटीची, बटणांच्या चाकांची. तिच्यामागे बारा मावळे रांगेत उभे केले आणि मुलीने पेन्सिलीच्या टोकाएवढ्या रंगीत मेणाच्या घागरी करून प्रत्येकाच्या हाताशी ठेवल्या. ढाल-तलवार घेतलेला मावळा पाण्याच्या रांगेत. सगळ्यांच्या शेवटी मी नाक गेलेला ठेवला. हा कोण, मुलीने विचारलं. मी म्हटलं, ही मी, आज रांगेत उभी राहायला शिकतेय.

संध्याकाळी बायका आल्या. आधी पायऱ्यांना नमस्कार केला, मग खाली पाहिलं आणि एकीने तोंडाला पदर लावला. मग जी हसाहस सुरू झाली! प्रत्येक बाई खाली वाकून आपलं घर शोधायला लागली. गिरणीवालीचं म्हणणं पडलं की तिचं दार उत्तरेकडे आहे, मी पूर्वेला केलंय. दुसरी म्हणाली कुत्रीला तीनच पाय पाहिजेत, चार का? मी वाद घातला. हिंदी, मराठी आणि मुलीने पुरवलेलं तमिळ, सगळं एकदम वापरून घातला. दाराबद्दल मी चुकले होते, कुत्रीचा पाय तिथेच मोडला. गाणं म्हण असा आग्रह झाला, तर मी बेसूर आवाजात भोंडल्याचं गाणं म्हटलं. हे कामावरून आले ते थेट अक्कांच्या दारात उभे राहिले. कितीतरी वेळ मावळ्यांची रांग बघत होते. 

मग मी खेळ सोडला का? छे. का सोडायचा? तो काही जुगार नव्हता, आणि मला त्यात खरोखर आनंद होता. दसऱ्याला सकाळी खण बाजूला केला तेव्हा माझं शहर जसंच्या तसं होतं, माझ्यावाचून तिथे कुणाचं काही अडलं नव्हतं. अर्धा पूल पुरा केला आणि बंद केलं. त्यानंतर आमच्याकडे तो खेळ राहिला, पण मुलीच्या सोबतीने, घरातली कामं आटोपल्यावर, आणि तिच्या बागांसकट. एकटीने खेळायची तर आधी स्वतःला विचारायचे, बाई, तुला खेळायचंय की कुठून तरी पळायचंय? पळायचं असेल त्या दिवशी आधी जिना उतरून गल्लीचं एक टोक गाठून यायचं. बहुतेक वेळा तिथेच कुणीतरी बोलायला भेटायचं आणि खेळ राहून जायचा. आणि उठताना मन बघायचं. आता मुलगी मोठी झाली, खेळ बदलले, खिशातल्या फोनमध्ये आले, तरी खंडेनवमीला आमच्या घरी सगळे पडदे खणाखाली जातात. दिवसभर हात शिवशिवले तर समजायचं की काहीतरी तपासायची वेळ झालीय. कधीकधी शिवशिवतात. मी ते लपवत नाही.

पण त्या दसऱ्याचं राहिलं. खेळ बंद करून मी बाहेर आले तर यांनी ट्रंक पलंगाखालून काढली होती आणि झाकण उघडून आत बघत उभे होते. "रिकामी आहे," हे म्हणाले. मी म्हटलं, आहेच, पुस्तकं फळीवर लावली, नकाशे मुलीच्या खोलीत, मावळे खाली. आणि शाळेला आजच पत्र टाकते, येत नाही म्हणून. यांनी झाकण लावलं आणि ट्रंकेवरच बसले. मला वाटलं, खूश व्हायचं सोडून हे असे का?

"मी तिरुवल्लिकेणीला खाट बघून आलो होतो," हे म्हणाले. "गेल्या महिन्यात."

 मला न विचारता? मी तर छान आहे म्हणून रोज सांगत होते.

"तू भांडायची थांबलीस," हे म्हणाले. "मला वाटलं, ही मनाने कधीच परत गेली. आता नुसतं सामान जायचं राहिलंय."

एवढे दिवस या माणसाला सगळं दिसत होतं. रोज संध्याकाळी माझं छान ऐकून घेऊन हा मुकाट्याने जेवत होता, आणि एका रविवारी एकटाच जाऊन तीन खाटांच्या खोलीतली एक खाट बघून आला होता.  आणि मग मी सुरू झाले. दिसत होतं तर बोलला का नाहीत? तोंडाला काय कुलूप लावलं होतं? खाट कसली बघता, तिथे तुमच्या पथ्याचं कोण करणार होतं? बघायला गेलात ते मला सांगून का गेला नाहीत, आणि त्या दिवशी मित्राकडे जेवायला जातो म्हणालात ते खोटंच ना? आतेबहिणीच्या लग्नापर्यंत मी पोचले. खालून अक्कांनी खिडकी उघडल्याचा आवाज आला, तरी मी थांबले नाही. सणाच्या सुट्टीमुळे त्या दिवशी पेपर आलाच नव्हता, त्यामुळे यांना आड लपायला काही नव्हतं. हे रिकाम्या ट्रंकेवर समोरच बसून राहिले, आणि ऐकता ऐकता चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

मी दम घ्यायला थांबले. तेव्हा यांनी पलंगाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "टॉवेलचं राहिलं."